वास जातो आणि महिन्याभरात परत येतो: बॅक्टेरियल व्हजायनोसिस वारंवार होत असेल तर काय करायचं

एका वर्षात मला हे चार वेळा झालं. दर वेळी तेच, पाळी संपली की दोन दिवसांत पातळ, करडट-पांढरं पाणी जायला लागायचं आणि मासळीसारखा वास, संबंधानंतर तर जास्तच. आई म्हणायची अगं उष्णता झाली असेल, धने-जिऱ्याचं पाणी पी. मी प्यायले पण, आणि दिवसातून तीनदा साबणाने धुवायचे, आणि ते धुणंच मला नडत होतं हे कळायला वर्ष गेलं, म्हणून आधी तेच सांगते. हा अस्वच्छतेचा आजार नाहीये. योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू असतात, ते आम्ल तयार करतात म्हणून तिथला पीएच (आम्लतेचं माप, आम्ल जास्त तितका आकडा कमी) साधारण 4.5 च्या खाली राहतो. हे जंतू कमी झाले की गार्डनेरेला आणि तसले बाकीचे जंतू वाढतात, त्यालाच बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात, डॉक्टर नुसतं बीव्ही म्हणतात. तुम्ही साबण, तुरटीचं पाणी, जंतुनाशक लिक्विड किंवा सुगंधी वॉश आत वापरला की उरलेसुरले चांगले जंतूही जातात. बाहेरून साधं पाणी पुरे, आत काहीच नाही, दही नाही लसूण नाही.

आता पहिलं काम म्हणजे खरंच बीव्हीच आहे का ते बघून घ्या. आपल्याकडे सगळ्यालाच "अंगावरून पांढरं जातंय" म्हणतात आणि मेडिकलवाला कागदात गुंडाळून तीन-चार गोळ्यांचं किट हातात देतो, मीही दोनदा तेच घेतलं. पण खूप खाज आणि दह्यासारखं घट्ट असेल तर ते बहुतेक फंगल असतं, त्याचं औषध वेगळं. ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीच्या संसर्गातही असाच वास येतो आणि तो तर संबंधातून पसरतो. तपासणी पाच मिनिटांची असते, डॉक्टर पट्टीवर पीएच बघतात, थोडा स्राव काचेवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात (तेव्हा जो वास येतो ना, तो मला टेबलावर झोपूनही आला आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, हेच बघायचं होतं), आणि मायक्रोस्कोपखाली क्लू सेल्स (जंतू चिकटलेल्या पेशी) शोधतात. हे तीन आणि स्रावाचं एकूण रूप, या चारपैकी तीन जुळले की बीव्ही. जायच्या आधी दोन दिवस आत कुठलंही क्रीम घालू नका आणि पाळी चालू असताना शक्यतो जाऊ नका. पैशाचा प्रश्न असेल तर सरकारी हॉस्पिटलात सुरक्षा क्लिनिक (लैंगिक आजारांचं) असतं, तिथे समुपदेशकही असतात. वारंवार होत असेल तर एचआयव्ही आणि बाकीच्या लैंगिक आजारांच्या टेस्टही करून घ्या, बीव्ही असताना त्यांची लागण सोपी होते. गरोदर असाल, ताप असेल, ओटीपोटात दुखत असेल किंवा मधेच रक्त जात असेल तर थांबू नका, लगेच जा.

नेहमीचा कोर्स म्हणजे मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या दिवसातून दोनदा सात दिवस, आपल्याकडे बहुतेक 400 मिलिग्रॅमची देतात. नाहीतर आत लावायचं 0.75 टक्के मेट्रोनिडाझोल जेल रोज एकदा पाच दिवस, किंवा 2 टक्के क्लिंडामायसिन क्रीम रात्री सात दिवस. गोळ्यांनी तोंडाला पत्र्यासारखी चव येते, मळमळतं, जेवणानंतर घ्या. तिसऱ्या दिवशी वास जातो आणि आपण गोळ्या सोडतो, तिथेच गडबड होते. क्लिंडामायसिन क्रीमने कंडोम कमकुवत होतो, त्या दिवसांत आणि नंतरचे पाच दिवस त्यावर विसंबू नका.

आणि कोर्स पूर्ण करूनही परत आलं तर स्वतःला दोष देऊ नका, निम्म्याहून जास्त बायकांना वर्षाच्या आत परत होतं. हे जंतू आतल्या भिंतीवर चिकट थर करून बसतात, त्याला बायोफिल्म म्हणतात, औषध वरवरचे मारतं आणि थर राहतो. म्हणून वर्षात तीन किंवा जास्त वेळा झालं की डॉक्टरांना स्पष्ट विचारा की मला लांबचा कोर्स द्याल का. त्यात आधी पूर्ण उपचार, मग तेच मेट्रोनिडाझोल जेल आठवड्यातून दोनदा, चार ते सहा महिने. मी मंगळवार-शनिवार ठरवले होते आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर छोटा टिंब करायचे, घरात कुणाला कळलंही नाही. जेल घेताना पाकिटावर व्हजायनल लिहिलंय का बघा, हिरड्यांचं आणि त्वचेचं जेलही त्याच औषधाचं मिळतं. मधे खाज सुटली तर फंगल झालं असेल, तसं सांगा, त्याचं औषध मिळतं.

काही डॉक्टर यात बोरिक ॲसिडच्या 600 मिलिग्रॅमच्या कॅप्सूल आत ठेवायला देतात, साधारण 21 रात्री. पण ती तोंडावाटे विष आहे, गरोदरपणात अजिबात नाही, आणि कृपा करून कॅरमची बोरिक पावडर घरी कॅप्सूलमध्ये भरू नका.

आता नवऱ्याचं. पूर्वी सगळे सांगायचे की त्याला औषध द्यायची गरज नाही. पण ऑस्ट्रेलियात 164 जोडप्यांवर अभ्यास झाला, मार्च 2025 मध्ये छापून आला, त्यात जोडीदारालाही सात दिवस मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या आणि लिंगावर लावायला क्लिंडामायसिन क्रीम दिलं, दोन्ही दिवसातून दोनदा. बारा आठवड्यांत परत होण्याचं प्रमाण 63 टक्क्यांवरून 35 वर आलं. म्हणजे दोघांनी एकाच आठवड्यात उपचार घ्यायचे आणि तोवर संबंध नाहीत. घरी बोलायला अवघड जातं, मला माहितेय, मी सरळ त्याला डॉक्टरांकडे सोबत नेलं आणि त्यांनाच सांगू दिलं. "मी काही बाहेर केलं नाही" हे त्याचं पहिलं वाक्य होतं, आणि डॉक्टर म्हणाल्या, तसं कुणी म्हटलंच नाही, जंतू दोघांत फिरतात एवढंच.

कॉपर टी बसवल्यापासून सुरू झालं असेल किंवा सिगारेट ओढत असाल तर तेही सांगा, दोन्हींचा संबंध दिसतो. पुढचे काही महिने कंडोम वापरला तर फरक पडतो, कारण वीर्य आम्ल कमी करतं, पाळीचं रक्तही करतं, म्हणून तर पाळीनंतर डोकं वर काढतं. प्रोबायोटिकच्या महागड्या कॅप्सूलवर मात्र मी पैसे घालणार नाही, दुकानात मिळणाऱ्यांचा उपयोग होतो असं नीट सिद्ध झालेलं नाही.

जेल थांबवल्यावर पहिल्या दोन-तीन पाळ्यांकडे लक्ष ठेवा. वास आला तर घरात उरलेल्या गोळ्या शोधू नका, औषध सुरू करायच्या आधी परत काचेवरची तपासणी करून घ्या, आणि आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या तारखेसह पिशवीत घालून न्या.