पेठेचा इतिहास शोधायला निघालात? या चुका टाळा

पुण्यातल्या पेठांत कुठल्याही जुन्या घरापुढे उभं राहून "हे कधीचं?" असं विचारा, "पेशवेकालीन" हे उत्तर तयार असतं. हौसेने काम करणारे बहुतेक जण इथेच फसतात. वही गोष्टींनी भरते, पण नेमकं कोणतं घर आणि कोणतं साल असं कुणी विचारलं की सांगता येत नाही. म्हणून सुरुवात गोष्टींपासून नको, जागेपासून करा. अख्खी पेठही घेऊ नका. एक बोळ, त्यातली पंधरा-वीस घरं, एवढं पहिल्या कामाला पुष्कळ आहे.

जुन्या कागदात आजचं नाव शोधणं

पेठांची आजची नावं पहिल्यापासूनची नाहीत. शनिवार पेठ म्हणजे मुर्तजाबाद, रविवार म्हणजे मलकापूर, शुक्रवार म्हणजे विसापूर, गुरुवार म्हणजे वेताळ पेठ. नाना पेठेला हनुमंत पेठ म्हणत आणि रास्ता पेठेला शिवपुरी. गंज पेठ आता महात्मा फुले पेठ झाली, भांबुर्ड्याचं शिवाजीनगर झालं. सूचीत फक्त "शुक्रवार पेठ" शोधून काही मिळालं नाही म्हणून लोक परत येतात. उलटा धोकाही आहे. मलकापूर आणि विसापूर नावाची दुसरी ठिकाणंही आहेत, त्यामुळे नाव सापडलं की आजूबाजूच्या दोन-चार ओळींत "कसबे पुणे" किंवा शेजारच्या पेठेचा उल्लेख आहे का ते पाहायचं. नसेल तर तो कागद बाजूला ठेवा.

इमारतींचंही तेच. मंडई १८८६ साली सुरू झाली ती रे मार्केट या नावाने. महात्मा फुल्यांचं नाव नंतरचं. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात भरायचा. तेव्हा १८७० च्या कागदात "मंडई" दिसली, तर ती शुक्रवार पेठेत नेऊन ठेवू नका.

घराला एकच नंबर असतो असं धरून चालणं

पेठेतल्या घराला निदान दोन नंबर असतात. एक महापालिकेचा घर क्रमांक, दुसरा नगर भूमापनाचा म्हणजे सिटी सर्व्हे नंबर (सि.स.नं.). नदीपलीकडे टाउन प्लॅनिंग स्कीमचा फायनल प्लॉट नंबर हा तिसरा. जुन्या पत्रांवर, लग्नपत्रिकांवर नुसताच "५०० सदाशिव" असा आकडा असतो आणि तो यांतला कुठला, ते लिहिलेलं नसतं. नंबर चुकला की तुम्ही शेजाऱ्याच्या वाड्याचा इतिहास लिहून बसता.

आधी नगर भूमापन कार्यालयातल्या नकाशावर बोळ शोधा आणि प्रत्येक घराचा सि.स.नं. टिपून घ्या. मग महाभूलेखच्या संकेतस्थळावर "मालमत्ता पत्रक" बघा. तिथे सध्याचा धारक आणि क्षेत्रफळ मिळतं. जुन्या हस्तलिखित नोंदी हव्या असतील तर कार्यालयात अर्ज करून उतारा काढावा लागतो. उतारा वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. सगळ्यात वरचा धारक हा भूमापनाच्या वेळचा कब्जेदार असतो, वाडा बांधणारा नव्हे. आणि फेरफाराची तारीख ही नोंद झाल्याची तारीख असते. व्यवहार त्याआधी कितीतरी वर्षं झालेला असू शकतो.

कॅम्पातल्या बंगल्यासाठी महापालिकेत किंवा नगर भूमापनात खेटे घालू नका. तिथली जमीन जनरल लँड रजिस्टरवर असते आणि ते छावणीच्या यंत्रणेकडे असतं.

तारीख नुसत्या बेरजेने काढणं

सर्वात जास्त चुका इथे होतात, आणि एकदा छापली गेलेली चूक पुढे पन्नास ठिकाणी उतरते.

शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण पौषाच्या मध्यात कुठेतरी इंग्रजी साल बदलतं, म्हणून त्यापुढच्या तिथ्यांना ७९ मिळवावे लागतात. शनिवारवाड्याची पायाभरणी माघ शुद्ध ३, शके १६५१ ची. ७८ मिळवले तर १७२९ येतं, आणि ते चूक आहे. खरी तारीख १० जानेवारी १७३०.

आता मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये १० जानेवारी १७३० चा वार बघा. बहुतेक मोबाइल मंगळवार दाखवतील. वाड्याची पायाभरणी तर शनिवारची! दोन्ही बरोबर आहेत. इंग्रजांनी सप्टेंबर १७५२ पर्यंत जुनं ज्युलियन कॅलेंडर पाळलं, आणि मराठ्यांच्या इतिहासातल्या रूढ तारखा त्या वर्षापर्यंत त्याच पद्धतीने दिल्या जातात. १७०० ते १७५२ या काळात दोन पद्धतींत ११ दिवसांचा फरक आहे. नव्या पद्धतीने तो दिवस २१ जानेवारी. त्यामुळे १७५२ च्या आधीची तारीख लिहिताना तिथी, शक आणि वार सोबत लिहाच, म्हणजे पुढच्याला पडताळता येईल. पोर्तुगीज कागदांत नवी पद्धत आधीपासूनच होती. वसईच्या मोहिमेच्या तारखा म्हणून दोन दोन दिसतात.

पेशवाईतल्या हिशेबी कागदांवर शक बहुधा नसतोच, शुहूर सन असतो, म्हणजे अरबी आकड्यांच्या नावांनी लिहायचा सन, तोही अक्षरी. "सलासीन मया व अलफ" म्हणजे तीस, शंभर आणि हजार : ११३०. हे साल मृग लागताना, मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला बदलतं. जून ते डिसेंबरसाठी ५९९ मिळवा, जानेवारी ते मे साठी ६००. फसली म्हणजे महसुली सन दिसायला तसाच, पण त्यात ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात. म्हणजे सन ओळखण्यात चूक झाली तर थेट नऊ वर्षांचा घोळ. तारखेआधी "छ" दिसला तर पुढचा आकडा मुसलमानी महिन्यातल्या चंद्राचा आहे. ती मराठी तिथी समजू नका.

एका खुणेवरून वास्तूचं वय ठरवणं

सुरूच्या झाडासारखे घडवलेले लाकडी खांब दिसले की पेशवाई, लोखंडी कठडा दिसला की इंग्रजी अमदानी, इतकं ते सरळ नाही. वाडे थरांनी वाढतात. जोतं आणि पहिला चौक एका काळातला, माडी दुसऱ्या, छप्पर तिसऱ्या. मंगलोरी कौलांचा बासेल मिशनचा कारखाना मंगळुरात १८६५ ला निघाला, त्यामुळे तशी कौलं असलेलं छप्पर त्याआधीचं नाही. पण त्याखालचा वाडा जुना असू शकतो. दर्शनी भागावर गिलाव्यात कोरलेलं साल बरेचदा डागडुजीचं असतं. विश्रामबागवाड्यालाही १८७९ ची आग लागली होती. आज दिसणारं सगळं दुसऱ्या बाजीरावाच्या वेळचं नाही. लाल महालाची सध्याची इमारत तर महापालिकेने १९८० च्या दशकात बांधलेली.

वय लिहायचं ते भागाभागाचं लिहा : जोतं, खांब, माडी, छप्पर, दरवाजा. प्रत्येकापुढे कशावरून ते लिहा. माहीत नसेल तिथे रकाना कोरा ठेवा.

शिलालेख असला तरी घाई नको. सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीचं काम १७५४ ला सुरू झालं आणि प्रतिष्ठापना १७७० ला. नुसतं "स्थापना" लिहून एकच साल दिलं की वाद ठरलेला. तिथले लेख संस्कृतात आहेत आणि एक फारसीत आहे, त्यामुळे दोन भाषांचा जाणकार लागतो. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ किंवा तेल लावण्याची खोड अजून गेलेली नाही. दगडाचं त्याने नुकसान होतं आणि चुकीची रेघ पक्की होते. संध्याकाळनंतर जा, विजेरी दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने प्रकाश टाका आणि चारी बाजूंनी एकेक फोटो घ्या.

मोडी लिपीचा तक्ता पाठ झाला की दफ्तर वाचता येईल ही समजूत

छापील तक्त्यावर शिकलेला माणूस पेशवे दफ्तरातल्या पहिल्या कागदावरच अडतो. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा नसतो, आणि कारकुनाचा हात धावता असतो. पहिले काही आठवडे नवं काही शोधू नका. लिप्यंतर छापलेलं आहे असाच कागद घेऊन ओळ-ओळ ताडून बघा. पुणे पुराभिलेखागारात किंवा भारत इतिहास संशोधक मंडळात वाचायला बसलात तर रुमालाचा (कागद बांधून ठेवलेल्या गाठोड्याचा) आणि कागदाचा क्रमांक आधी लिहा, मजकूर नंतर. क्रमांक नसलेली नक्कल कुणीच मान्य करत नाही, आणि तो कागद तुम्हालाही पुन्हा सापडत नाही.

कागद नाही म्हणून घटनाच नाही, असंही म्हणू नका. बुधवार वाडा १८७९ च्या मे महिन्यात जळाला. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटल्यावर नदीकाठच्या घरांतल्या पेट्या, दस्त, फोटो सगळंच वाहून गेलं. शनिवार-नारायण पेठांच्या काठच्या बोळांत पोकळी का दिसते, त्याचं हे एक कारण आहे.

देवाच्या नावावरून कथा रचणं

खुन्या मुरलीधर, जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा. प्रत्येकाच्या दोन-तीन व्युत्पत्त्या चालू असतात. सगळ्या लिहा, कुणी सांगितली ते लिहा, निवाडा करू नका. गंमत म्हणून ठीक आहे, पुरावा म्हणून नाही.

"साल कोणतं?" असं थेट विचारणं

वयस्कर माणसांना साल आठवत नाही, घटना आठवते. "आजी, तुम्ही लग्न होऊन या वाड्यात आलात तेव्हा पानशेत होऊन गेलं होतं का?" असं विचारलं की उत्तर लगेच येतं. १९४८ ची जाळपोळ, डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, ७२ चा दुष्काळ, या खुंट्यांवर बाकीचं टांगता येतं. "पूर्वी कसं होतं?" हा प्रश्न टाळा, त्याला "पूर्वी फार छान होतं" एवढंच उत्तर मिळतं. पाणी कुठून भरायचे, हौदावर की नळावर, वाड्याचा दिंडी दरवाजा रात्री किती वाजता लागायचा, असं विचारा. कात्रजच्या नळाचे हौद कुठे होते हे अशा बोलण्यातूनच कळतं.

मालमत्ता पत्रक हातात घेऊन भाडेकरूंच्या दारात जाऊ नका. वाडा पाडायच्या चर्चा सगळीकडे चालू असतात. तुम्ही मालकाचे किंवा बिल्डरचे माणूस वाटाल आणि चहासुद्धा मिळणार नाही. ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीलाच परवानगी बोलून घ्या, आणि मालकी-भाड्याचे तपशील कुठेही छापू नका.

नकाशा एका कोपऱ्यावर टाचणं

जुना नकाशा क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये आजच्यावर बसवताना दोन्हीकडे सापडणाऱ्या तीन खुणा पुरतात असं सॉफ्टवेअर म्हणतं, पण तेवढ्याने भागत नाही. आठ-दहा घ्या, त्याही सगळ्या बाजूंना पसरलेल्या. शनिवारवाड्याचे बुरूज आणि देवळांचे गाभारे चांगले. रुंदीकरण झालेल्या रस्त्यांचे कोपरे घेतलेत तर सगळी पेठ तिरपी होते.

फोटो नंतर काढू म्हणणं

बुधवार पेठेतला भिडे वाडा, जिथे १८४८ ला मुलींची शाळा भरली, तो डिसेंबर २०२३ मध्ये पाडला गेला. बोळ निवडलात की पहिल्याच दिवशी प्रत्येक घराचा समोरून एक, जोत्याचा एक आणि दाराच्या चौकटीचा एक फोटो घ्या, मोजपट्टी चौकटीत येऊ द्या. फाइलला नाव देताना आधी पेठ, मग सि.स.नं., दिशा आणि तारीख.