आठवडाभराच्या सुट्टीत बेळगाव

इंग्लंडमधील शाळांना ऑक्टोबरच्या अखेरीस मिळणाऱ्या आठवडाभराच्या सुट्टीत मुलांना बेळगावला आणायचे असेल, तर सांबरा विमानतळावर देशांतर्गत विमानेच उतरतात, हे आधी लक्षात घ्यावे. मुंबई किंवा बंगळूरला विमान बदलावे, अथवा गोव्यास उतरून मोटारीने यावे. मात्र या वाटेवरील चोर्ला घाटाचा प्रवास रात्री टाळावा आणि वळणांमुळे मुलांना मळमळू नये म्हणून निघण्यापूर्वी त्यांना हलकेच खाऊ घालावे. मुलांकडे ब्रिटिश पासपोर्ट असल्यास ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओळखपत्र) किंवा व्हिसा हाती येण्यापूर्वी तिकिटे काढू नयेत.

नातेवाइकांच्या घरोघरी जाण्यातच निम्मी सुट्टी संपते, म्हणून एके दिवशी सर्वांना आजी-आजोबांकडेच जेवायला बोलवावे, असे मला मनापासून वाटते. त्यामुळे चुलत-मावस भावंडांना एकत्र खेळायला निवांत वेळ मिळतो. उरलेल्या दिवसांत दूरचे बेत न आखता किल्ल्यातील १२०४ मध्ये बांधलेली कमल बसदी हे जैन मंदिर आणि येळ्ळूरचा राजहंसगड पाहावा. गोकाकसाठी पूर्ण दिवस राखावा. घटप्रभेच्या त्या ५२ मीटर उंच धबधब्याचे पाणी तोवर ओसरू लागलेले असले, तरी कड्याजवळ मुलांचा हात सोडू नये.