फ्रँक सिनात्राचे टीव्हीवरचे कार्यक्रम घरी कसे पाहावेत

अमेरिकन गायक सिनात्रा बहुतेकांनी ऐकलेला असतो, पाहिलेला नसतो. मायक्रोफोन आला आणि गायकाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची गरज उरली नाही, कानाशी बोलल्यासारखं गाता येऊ लागलं. अशा गायकांना अमेरिकेत 'क्रूनर' म्हणतात. बिनमाईकच्या नाट्यपदानंतर रेडिओवरचं भावगीत ऐकलेल्यांना हा फरक समजावून सांगायला नको. या गाण्यात श्वास, डोळे, माईक तोंडापासून किती लांब धरला हे सगळंच गाणं असतं. म्हणून हे कार्यक्रम नीट, पूर्ण आणि मूळ आकारात पाहावेत.

सुरुवात १९६५ च्या 'ए मॅन अँड हिज म्युझिक'पासून करा. सिनात्राच्या पन्नाशीच्या निमित्ताने एनबीसी या अमेरिकन टीव्ही वाहिनीने तो २४ नोव्हेंबरला रंगीत दाखवला. तासाभरात दुसरा कुणी पाहुणा नाही. समोर नेल्सन रिडल आणि गॉर्डन जेंकिन्स या वाद्यसंयोजकांचे वाद्यवृंद आणि मध्ये हा एकटा. सर्दीने आवाज बसल्यामुळे आधीचं चित्रीकरण थांबवावं लागलं होतं, ते पुन्हा केलं गेलं. पडद्यावर त्याचा मागमूस नाही.

दुसरा १९६७ चा, जॅझ गायिका एला फिट्झगेराल्ड आणि ब्राझीलचा संगीतकार आंतोनियो कार्लोस जोबिम यांच्याबरोबरचा. जोबिम गिटार घेऊन बसलाय, सिनात्राच्या हातात सिगारेट, आणि दोघं जवळजवळ कुजबुजत गातात. एवढ्या हळू आवाजात ताल धरून राहणं किती अवघड असतं, हे गाणारे लोक तिथे चटकन ओळखतील. फक्त एकच कार्यक्रम पाहणार असाल तर हा पाहा. तिसरा १९७४ चा 'द मेन इव्हेंट', न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला. मंच बॉक्सिंगच्या रिंगसारखा, प्रक्षेपण थेट. १९७१ मध्ये निवृत्ती जाहीर करून परतलेला सिनात्रा इथे दिसतो, आवाज जाडसर झालेला.

सुटं सुटं शोधण्यापेक्षा २०१० मध्ये शाउट फॅक्टरीने काढलेला सात डीव्हीडींचा 'कॉन्सर्ट कलेक्शन' हा संच मिळतो का पाहा. घेण्याआधी खोक्यामागचा रिजन क्रमांक, म्हणजे डीव्हीडी कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल हे सांगणारा आकडा, वाचा. अमेरिकेचा १, भारताचा ५. ० किंवा 'ऑल' असेल तर प्रश्नच नाही. १ असेल तर सर्व रिजन चालवणारा प्लेअर लागेल. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हवर रिजन मोजून पाच वेळाच बदलता येतो, तेव्हा घाईने 'हो' म्हणू नका. एनटीएससी ही अमेरिकन चित्रपद्धत आपले बहुतेक प्लेअर आणि टीव्ही चालवतात.

आता टीव्ही. 'पिक्चर साइज' ४:३ ठेवा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसतील, दिसू द्या. चित्र ताणून पडदा भरला की सिनात्रा बुटका आणि रुंद होतो, झूम केलं की कपाळ आणि हात कापले जातात. चित्र गुळगुळीत करणारी मोशनची सोय बंद करा, शार्पनेस बराच खाली आणा. जुन्या व्हिडिओ टेपवर तो वाढवला की चेहऱ्याभोवती पांढरी कड उमटते. आवाजासाठी कृत्रिम सराउंड बंद ठेवा, नाहीतर गळा वाद्यांमागे जातो.

घरात जुनी व्हीएचएस कॅसेट असेल तर आधी तिची खिडकी उजेडात धरा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात टेपवर पांढरी बुरशी धरते. ती दिसली तर कॅसेट व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नका, यंत्राचं टेप वाचणारं हेड खराब होतं आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागण होते. ती जाणकाराकडून साफ करून घ्या. स्वच्छ असेल तर एकदा पूर्ण पुढे नेऊन मागे गुंडाळा आणि मगच कॉम्प्युटरवर उतरवा. अमेरिकन कॅसेट ७२० बाय ४८० मध्ये, सेकंदाला २९.९७ फ्रेम या मूळ वेगानेच घ्या. २५ वर बदललं की कॅमेरा सरकताना चित्र अडखळतं. मूळ फाइल जपून ठेवा आणि सुधारणा प्रतीवर करा.

पाहताना फोन दूर ठेवा आणि सिनात्राच्या श्वासाकडे लक्ष द्या. १९४० ते ४२ तो टॉमी डॉर्सीच्या बँडमध्ये गायचा. डॉर्सी ट्रॉम्बोन या फुंकून वाजवायच्या पितळी वाद्यावर लांबच लांब ओळ वाजवताना श्वास कुठे घेतो ते कळायचं नाही, आणि ते आपण त्याच्याकडे पाहत शिकलो असं सिनात्रा सांगायचा. जिथे बाकीचे गायक थांबतात तिथे हा ओळ ओलांडून पुढच्या ओळीत जातो. असं ठिकाण सापडलं की थोडं मागे जाऊन पुन्हा पाहा.

आणि जवळ वही ठेवा. मंचावर गाण्याआधी किंवा नंतर तो गीतकार, संगीतकार आणि वाद्यसंयोजकाचं नाव आवर्जून घेतो. ती नावं टिपत गेलात तर रिडल, जेंकिन्स, डॉन कोस्टा यांच्यापैकी कुणाची मांडणी तुम्हाला जास्त भावते ते चार-पाच कार्यक्रमांत कळेल, आणि पुढची रेकॉर्ड त्याच माणसाच्या नावाने शोधता येईल.