कॅलिफोर्नियात शाळाप्रवेश: लसींच्या बाबतीत या चुका टाळा

पुण्याहून निघताना मुलीची लसींची फाईल मी पासपोर्टच्या पाऊचमध्येच ठेवली होती. काही राहिलं असेल असं मनातही नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या शाळेच्या ऑफिसमधल्या बाईंनी ती फाईल चाळली आणि शांतपणे सांगितलं, "गोवराच्या लसीचा एकही डोस धरता येत नाही." शाळा सुरू व्हायला बारा दिवस उरले होते.

त्यात एक चूक तारखेची होती आणि एक सर्वस्वी आमची. इकडे येणाऱ्या बऱ्याच मराठी घरांत मी नंतर याच चुका पाहिल्या, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

नऊ महिन्यांचा डोस मोजणं

भारतात गोवराची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाले की देतात. तिथे गोवर लहान वयातच गाठतो, त्यामुळे ते बरोबरच आहे. इथला नियम मात्र वेगळा आहे. किंडरगार्टनसाठी एमएमआरचे, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या एकत्र लसीचे, दोन डोस लागतात आणि दोन्ही पहिल्या वाढदिवशी किंवा त्यानंतर दिलेले हवेत. म्हणजे नऊ महिन्यांचा डोस बाद. आपल्याकडचे खासगी बालरोगतज्ज्ञ नऊ महिने, पंधरा महिने आणि चार ते सहा वर्षं असे तीन डोस देतात. तिन्ही वेळेवर झाले असतील तर काहीच अडत नाही.

आमचा तिसरा राहिला होता. चार वर्षांची झाली तेव्हा तिला सर्दी होती, म्हणून "पुढच्या महिन्यात बघू" म्हटलं. मग व्हिसाची धावपळ सुरू झाली, आणि पुढे "आता तिकडेच घेऊ" असं ठरलं. साध्या सर्दीसाठी किंवा अंग किंचित कोमट आहे म्हणून लस पुढे ढकलायची गरज नसते, हे डॉक्टरांनी मला सांगितलंही होतं. तरी मी ढकलली.

सरकारी केंद्रात लसी झालेल्या मुलांच्या आईबाबांनी आणखी एक गोष्ट पाहावी. तिथे एमआर देतात, म्हणजे गोवर आणि रुबेला. गालगुंडाची लस त्यात नसते. कांजिण्यांचीही तिथे मिळत नाही, आणि इथे तिचेही दोन डोस लागतात.

तारीख आकड्यांत असणं

मुलगी 2 जून 2020ची. पंधरा महिन्यांचा डोस फाईलमध्ये असा लिहिलेला: 04/09/2021. आपण वाचतो 4 सप्टेंबर. इथे आधी महिना लिहितात, त्यामुळे बाईंनी वाचलं 9 एप्रिल. तेव्हा ती वर्षाचीही नव्हती, म्हणून तो डोसही बाद! शिक्का नेमका तारखेवर बसलेला, सही वाचता येत नव्हती. शेवटी पुण्याच्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर सगळ्या लसींची यादी मागवली, महिना इंग्रजी अक्षरांत लिहून. ती आल्यावर तो डोस धरला गेला आणि तिसरा इथे घेतला. निघण्याआधी हे पत्र घ्याच. पुण्यात दहा मिनिटांचं काम आहे.

पोलिओचे थेंब पुरेसे वाटणं

1 एप्रिल 2016 नंतर दिलेले तोंडातले थेंब अमेरिकेत मोजत नाहीत, कारण तेव्हापासून त्या लसीत पोलिओच्या तीनऐवजी दोनच प्रकारांपासून संरक्षण आहे. आता किंडरगार्टनला येणारी सगळी मुलं त्यानंतर जन्मलेली. इंजेक्शनच्या नोंदी वेगळ्या काढून ठेवा.

"उशीर झाला, आता सगळं पहिल्यापासून"

असं नसतं. मधे कितीही वर्षं गेली तरी योग्य वयात घेतलेले डोस वाया जात नाहीत, राहिलेले तेवढेच द्यायचे असतात. पण अंतर पाळावं लागतं. एमएमआरच्या दोन डोसांत किमान 28 दिवस हवेत. एमएमआर आणि कांजिण्यांची लस एकाच दिवशी दिली तर चालते. एक आज आणि दुसरी आठवड्याने, असं नाही चालत, मग 28 दिवस थांबावंच लागतं. ऑगस्टमध्ये शाळा सुरू होते. एकही डोस धरता येत नसेल, तर जुलैच्या मध्यावर जागं होऊन दोन्ही डोस बसत नाहीत.

सूट मिळेल असं धरून चालणं

2014च्या डिसेंबरमध्ये डिस्नीलँडमधून गोवर पसरला. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियाने कायदा केला आणि जुलै 2016पासून वैयक्तिक मतावर मिळणारी सूट बंद झाली. खासगी शाळांनाही हे लागू आहे. आता वैद्यकीय कारणच चालतं, आणि तेही डॉक्टरांना राज्याच्या ऑनलाईन नोंदणीतून द्यावं लागतं. मला हा नियम जाचक वाटत नाही. 2025मध्ये टेक्सासमध्ये गोवराने दोन शाळकरी मुलं गेली, दोघांनीही लस घेतलेली नव्हती. वर्गात एखादं मूल कॅन्सरच्या उपचारांवर असतं, त्याला ही लस देता येत नाही. त्याचा सगळा भरवसा शेजारच्या बाकावरच्या मुलांवर असतो.

विमा अजून सुरू झालेला नसेल तर त्यासाठी थांबू नका. विमा नसलेल्या मुलांना 'व्हॅक्सिन्स फॉर चिल्ड्रन' योजनेत लसीचे पैसे पडत नाहीत. काउंटीच्या आरोग्य विभागाला फोन केला की जवळचं क्लिनिक सांगतात. आणि थोरलं भावंड सातवीत जाणार असेल तर त्याचीही फाईल आताच काढा, सातवीला टीडॅपचा, म्हणजे धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याच्या लसीचा, डोस झाल्याची नोंद मागतात.