सोलापुरात घरावर पत्रा टाकताना काय काय बघून घ्यायचं

पत्र्याच्या दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, रंग कुठला देऊ. आणि आपण पण निळा घ्यायचा का विटकरी ह्यातच अर्धा तास घालवतो, जाडी किती, कोटिंग किती, स्क्रू कुठला हे कोण विचारतच नाही. आमच्या घरी पण असंच झालं होतं. आधीचा पत्रा घाईत टाकला आणि पाच वर्षांत काढायची वेळ आली, दुसऱ्यांदा मात्र चार दुकानं फिरून, सांगाडा आणि पत्रा बसवणाऱ्या दोन फॅब्रिकेटरशी डोकं लावून, वजनकाटा घेऊन बसून केलं. त्यातून जे समजलं ते लिहितोय, आपल्या गावात पत्र्याची घरं लई आहेत म्हणून.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, सोलापुरात पत्रा पावसासाठी नाही, उन्हासाठी निवडायचा. कोकणात पाऊस आणि खारी हवा बघून निवडतात, त्यांचं बरोबर आहे. आपल्याकडे पाऊस कमीच, त्यातला पण बराचसा सप्टेंबरात पडतो, पण मार्च लागला की जून येईपर्यंत ऊन पाठ सोडत नाही, एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या वर जातो. जुन्या लोकांनी माळवदाची घरं उगाच नाही बांधली, वर मातीचा जाड थर असायचा, ऊन आत यायला संध्याकाळ व्हायची. पत्रा असतो अर्धा मिलिमीटर. तो स्वतः ऊन अडवूच शकत नाही, कितीही भारी कंपनीचा घ्या. म्हणून ऊन वरून परत फिरवायचं, खाली एक थर द्यायचा आणि आतली गरम हवा बाहेर काढायची, ह्या तिन्हीचा विचार पत्रा घ्यायच्या आधी व्हायला पाहिजे, नंतर नाही.

रंगापासून सुरू करतो कारण लोक तिथंच चुकतात. दुकानातून पांढरा, निळा आणि साधा, रंग न चढवलेला चकचकीत गॅल्व्हल्यूम असे हातभर लांबीचे तीन तुकडे मागून आणले होते, देतात दुकानदार. गच्चीवर दुपारी एकला ठेवले आणि दोनला आईला हात लावून बघ म्हटलं. निळ्यावरून तिनं हात लगेच मागं घेतला. पांढऱ्यावर तळहात टेकवून बोलत उभी राहिली. चकचकीतचं सगळ्यांना वाटतं की चमकतोय म्हणजे थंड असणार, तर तो पण चांगलाच तापला होता, कारण उघडा धातू ऊन परत फिरवतो पण आत गेलेली उष्णता लवकर सोडत नाही. पांढरा रंग दोन्ही करतो. त्या दिवशी आमच्या घरातला रंगाचा वाद मिटला. पांढरा मळतो, धूळ बसते, हे खरं आहे, पण पहिल्या पावसाआधी पाइप लावून एकदा धुतला की झालं. आणि अगदीच पांढरा नको असेल तर फिकट राखाडी किंवा फिकट क्रीम घ्या, गडद निळा आणि विटकरी राहत्या घरावर नकोच.

आता मटेरियल. बाजारात साधा जीआय म्हणजे लोखंडाच्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा, गॅल्व्हल्यूम म्हणजे मुलाम्यात साधारण ५५ टक्के अॅल्युमिनियम आणि बाकी बहुतेक जस्त, आणि ह्या दोन्हीवर रंग चढवलेला कलर कोटेड. गॅल्व्हल्यूमवाला कलर कोटेड म्हणजे पीपीजीएल, जीआयवाला म्हणजे पीपीजीआय, दिसायला दोन्ही सेम, म्हणून बिलावर काय लिहिलंय ते बघा. राहत्या घराला मी पीपीजीएलच घ्या म्हणेन, उघड्यावर तो जास्त टिकतो. फक्त गोठ्यावर टाकायचा असेल तर थांबा, शेण-मुताचा अमोनिया अॅल्युमिनियमवाल्या मुलाम्याला खातो, तिथं जाड मुलाम्याचा जीआय किंवा सरळ सिमेंटचा पत्रा बरा.

मुलाम्याचा आकडा विचारायचाच. गॅल्व्हल्यूमला एझेड १५० म्हणजे एका चौरस मीटरवर दोन्ही बाजू मिळून १५० ग्रॅम मुलामा. बाजारात एझेड ७० पण मिळतो, स्वस्त असतो आणि वरून रंग असल्यामुळे डोळ्याला काहीच फरक दिसत नाही. चांगल्या कंपनीच्या पत्र्याला मागच्या बाजूला नाव, जाडी, कोटिंग छापलेलं असतं, ते वाचून फोटो काढून ठेवा.

जाडीची फसवणूक सगळ्यात जास्त आहे आणि आम्ही तिथंच फसलो होतो. ०.४५ म्हणून पैसे घेतले, पाच वर्षांनी काढून वजन केलं तर ०.३५ चा निघाला. दुकानदार जो आकडा सांगतो तो कधी मुलामा आणि रंग धरून असतो, कधी नुसत्या लोखंडाचा असतो, म्हणून आधी विचारा की हा टोटल आहे का बेस. आणि मग सरळ काट्यावर ठेवा. १२२० मिलिमीटर रुंदीच्या कॉइलमधून (पत्र्याच्या गुंडाळीतून) काढलेला १२ फुटी कलर कोटेड पत्रा, टोटल ०.५० असेल तर १६ किलोच्या आसपास भरतो, ०.४५ चा साधारण १४ किलो, ०.४० चा सव्वाबारा, आणि ०.३५ चा साडेदहा. अर्ध्या किलोचा फरक सोडून द्या, दोन किलोचा सोडू नका. दुकानात काटा असतोच, गाडीत भरायच्या आधी एक पत्रा ठेवायला सांगा, पैसे आपले आहेत. घरासाठी ०.५० घ्या, बजेट नसेल तर ०.४५, त्याखाली जाऊ नका. पातळ पत्रा वर चढलं की दबतो, गारपिटीत खड्डे पडतात (२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या जिल्ह्यात झालेली गारपीट आठवत असेल सगळ्यांना), आणि वाऱ्यात स्क्रूपाशी फाटतो.

मोजताना एक लक्षात ठेवा, १२२० ची कॉइल पन्हळी पडल्यावर आणि शेजारच्या पत्र्यावर चढल्यावर जेमतेम एक मीटर जागा झाकते, त्यामुळं २० फूट रुंदीला सहा पत्रे म्हटलं तर काठाला कमी पडतात, सात धरा. लांबीत जोड शक्यतो देऊच नका, पाहिजे त्या लांबीचा कापून मिळतो. जोड आलाच तर वरचा पत्रा खालच्यावर किमान सहा इंच चढला पाहिजे.

आता खालचा थर. पैसे असतील तर पफ पॅनल, म्हणजे दोन पत्र्यांच्या मधे फोम, ३०, ५० मिलिमीटर किंवा त्याहून जाड पण मिळतं, ५० चं घेतलं तर दुपारी घरात बसवतं आणि पावसाचा आवाज पण जवळजवळ जातो. पण तो फोम जळतो, म्हणून चूल किंवा गॅसच्या डोक्यावर नको, तिथं रॉकवूलचं (दगडापासून केलेल्या, न जळणाऱ्या लोकरीचं) पॅनल घ्या. पैसे कमी असतील तर पत्र्याखाली बबल फॉइल, म्हणजे हवेचे बुडबुडे असलेली चकचकीत शीट, टाकतात आणि इथं फॅब्रिकेटर हमखास एक चूक करतो, फॉइल पत्र्याला चिकटवून ताणून बसवतो. फॉइलची चमक काम करते ती मधे हवेची जागा असली तरच, पत्र्याला टेकली की उष्णता सरळ खाली उतरते. पर्लिनच्या, म्हणजे पत्रा ज्यांच्यावर बसतो त्या आडव्या पाइपांच्या, खालच्या अंगाला फॉइल लावून घ्या म्हणजे पर्लिनच्या उंचीएवढी पोकळी आपोआप मिळते. आणि त्या पोकळीला दोन्ही टोकाला जाळी लावून हवा खेळती ठेवा, बंद केली तर भट्टीच होते ती. फॉल्स सीलिंग करायचं असेल तरी हेच, वरची गरम हवा बाहेर पडायला आढ्याजवळ जागा पाहिजे. फिरणारा टर्बो व्हेंटिलेटर जून-जुलैच्या वाऱ्यात छान फिरतो पण मेच्या दुपारी वारा पडलेला असतो तेव्हा फारसं काम नाही करत, म्हणून त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका. उंची मात्र द्या, वळचणीच्या बाजूला पण निदान दहा फूट. उजेडासाठी पारदर्शक पत्रा घालायचा असेल तर एकच घाला, त्याच्याखाली कुणी बसत नाही उन्हाळाभर.

सांगाडा आणि स्क्रू, इथं घराची सुरक्षितता आहे. आपल्याकडं वळवाचा वारा कसा येतो ते सगळ्यांना माहितीय, धुळीचा लोट उठतो आणि दहा मिनिटांत कुणाचे तरी पत्रे उडालेले असतात. लोकांना वाटतं वारा पत्रा ढकलतो, खरं तर तो वर ओढतो, आणि सगळ्यात जास्त काठाला आणि कोपऱ्याला ओढतो. पत्र्यावर दगड आणि जुने टायर ठेवणं हा त्याच्यावर उपाय नाही. उडालेल्या पत्र्याबरोबर तो दगड पण जातो, शेजारच्या अंगणात पोरं खेळत असतात, आणि दगडाखाली ओल आणि माती धरून पत्रा तिथंच गंजतो. उपाय स्क्रूमध्ये आहे. काठाच्या पर्लिनला प्रत्येक पन्हळीला एक स्क्रू मारा, मधल्या पर्लिनला एक सोडून एक चालतो. पर्लिनमधलं अंतर ०.५० ला चार फूट, ०.४५ ला साडेतीन. आणि पर्लिन कैचीला (छपराचा तिकोनी सांगाडा), कैची खांबाला, खांब पायातल्या बोल्टला, असा धरून आला पाहिजे, भिंतीत नुसता पाइप खुपसून सिमेंट भरलेलं वाऱ्यापुढं टिकत नाही. ढाळ दहा फुटाला एक फूट तरी पाहिजे. वळचण भिंतीच्या बाहेर फूट-सव्वा फूट काढा, दोन-अडीच फूट काढली तर सावली मिळते पण वाऱ्याला हातात धरायला पदर दिल्यासारखं होतं.

स्क्रू सेल्फ ड्रिलिंगच घ्या, म्हणजे स्वतःच भोक पाडणारे, आणि ईपीडीएम (ऊन सोसणारं रबर) वॉशरवाले. साधा काळा रबरी वॉशर आपल्या उन्हात दोन उन्हाळ्यांत तडकतो आणि मग थेंब थेंब गळायला लागतं. स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर मारायचा, खोलगट भागात पाणी वाहतं तिथं नाही. आवळताना वॉशर जरासा फुगला की थांबायचं, बाहेर चेपून आला म्हणजे जास्त झालं. पत्रा कापायला ग्राइंडर लावू देऊ नका, ठिणग्यांनी काठाचा मुलामा जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो, कात्री किंवा निबलर (पत्रा कुरतडून कापणारं मशीन) लावायला सांगा. काम संपलं की ड्रिलचा बारीक कीस त्याच दिवशी झाडून काढा, नाहीतर पहिल्या पावसात तांबडे ठिपके उठतात आणि माणसाला वाटतं नवा पत्राच गंजला.

आमचा पहिला पत्रा खरा गेला तो भिंतीच्या जोडाला. गवंड्यानं पत्रा आणि भिंतीच्या फटीत सिमेंटचा माल भरला, सगळीकडे असंच करतात म्हणून आम्ही पण काही बोललो नाही. ओलं सिमेंट आणि चुना अॅल्युमिनियमवाल्या मुलाम्याला खातं. तीन वर्षांनी तिथं पांढरी भुकटी दिसायला लागली, अण्णांनी बोटानं खरवडलं तर बोट आरपार गेलं. दुसऱ्यांदा भिंतीत खाच मारून पत्र्याची वाकवलेली पट्टी बसवली, वरून सिलिकॉन सीलंट, सिमेंटचा आणि पत्र्याचा संबंधच ठेवला नाही. ह्याच कारणानं उन्हाळ्यात पत्र्यावर चुना मारू नका, कूल रूफचा अॅक्रिलिक पेंट येतो तो मारा. एसीचं पाणी पण पत्र्यावर पडू देऊ नका, तांब्याच्या कॉइलवरून आलेलं पाणी मुलाम्याला भोक पाडतं.

जुना सिमेंटचा पत्रा काढायचा असेल तर जपून. त्यात अॅस्बेस्टॉस असतं, फोडला की धूळ छातीत जाते. आधी पाणी मारून ओला करा, अख्खा उतरवा, ग्राइंडर नको, कोरडं झाडू नका, आणि पोरांना त्या दिवशी मामाकडे पाठवा.

वायरिंगचं पण सांगतो, हे टाळू नका. पत्र्याला किंवा पाइपला घासणारी एक जुनी वायर सोलली तर सगळं छप्पर लाइव्ह होतं. वायर पाइपमधूनच न्या, सांगाड्याला अर्थिंग करा, आणि मीटरनंतर आरसीसीबी (करंट गळाला की वीज आपोआप तोडणारा स्विच) बसवा. पुढं सोलर लावायचा विचार असेल तर वेल्डिंगच्या आधीच फॅब्रिकेटरला सांगा, पॅनलचं वजन आणि वाऱ्याची ओढ दोन्ही कैचीवर येतात, नंतर सांगाडा वाढवायला दुप्पट कटकट.

फॅब्रिकेटरशी बोलताना सगळं कागदावर घ्या, पत्र्याची कंपनी, जाडी, कोटिंग, पाइपची जाडी, स्क्रू कुठला, फॉइल कुठं, आणि शेवटचे काही पैसे पहिला मोठा पाऊस होईपर्यंत राखून ठेवायचे हे सुरुवातीलाच बोलून घ्या. पाऊस लवकर नसेल तर टँकर मागवून वरून अर्धा तास पाणी सोडा, एकानं आत टॉर्च घेऊन जोड बघत फिरायचं. आम्ही तसंच केलं, आढ्याजवळ एका स्क्रूपाशी थेंब दिसला, तो माणूस तिथंच वर चढून बदलून गेला.

नवा पत्रा संध्याकाळी ऊन उतरलं की टक टक आवाज करतो, घाबरू नका, तापून लांब झालेला पत्रा आखडतोय. पण वर्षभर असा ताणून-आखडून स्क्रू सैल पडतात, म्हणून पहिल्या वर्षी गड्ड्याची जत्रा झाली की फेब्रुवारीत, वळीव यायच्या आत, पर्लिनच्या रेषेवर पाय ठेवत वर जाऊन एक एक स्क्रू हातानं तपासून घ्या.