रिक्वायरमेंट डायग्राममध्ये या चुका टाळा

चाकण, हिंजवडीकडे इलेक्ट्रिक दुचाकीवर काम करणाऱ्या बऱ्याच टीम आता सिसएमएल या सिस्टिम मांडायच्या चित्रभाषेत रिक्वायरमेंट, म्हणजे गाडीकडून असलेल्या मागण्या, मांडतात. चौकोन नीट काढलेले असतात. घोळ होतो तो रेषांमध्ये.

सर्वांत महाग पडते ती बाणाची उलटी दिशा. सॅटिस्फाय, म्हणजे ‘हा भाग ही मागणी पूर्ण करतो’ असे सांगणारा बाण डिझाइनच्या ब्लॉककडून निघून रिक्वायरमेंटकडे जातो. डिराइव्ह म्हणजे एका मागणीवरून दुसरी काढणे; त्याचा बाण अशा काढलेल्या रिक्वायरमेंटकडून मूळ रिक्वायरमेंटकडे. आपण कामाच्या ओघाने विचार करतो, ‘आधी गरज, मग डिझाइन’, आणि बाण उलटा ओढतो. चित्र छान दिसते, म्हणून रिव्ह्यूत कोणी हटकत नाही. पुढे ग्राहक एक आकडा बदलतो, तुम्ही टूलला परिणाम विचारता आणि रिपोर्ट कोरा येतो. असे झाले तर टूलला दोष देण्याआधी बाणाचे टोक बघा.

दुसरा गोंधळ कंटेनमेंट (एका मागणीत सामावलेल्या मागण्या) आणि डिराइव्हचा. एका वाक्यात ‘आणि’ने जोडलेल्या दोन मागण्या वेगळ्या केल्या तर ते कंटेनमेंट. थांबण्याच्या अंतरावरून ब्रेकचा टॉर्क ठरवला तर ते डिराइव्ह, कारण मध्ये गाडीचे वजन, चाकाची त्रिज्या, टायरची पकड यांचे गणित आहे. ते गणित ज्या गृहीतकांवर उभे आहे, ती तिथेच नोंदवा. वजन वाढले की टॉर्क पुन्हा काढायचा, हे नव्या माणसाला दुसरीकडून कळणार नाही.

मजकूरही तपासा. ‘बॅटरी पाण्यात सुरक्षित राहावी’ हे वाचून एकाच्या डोळ्यासमोर पावसाची सर येते, तर दुसऱ्याच्या डोळ्यासमोर पाण्याखाली गेलेला पुण्यातला भिडे पूल. आयपीएक्स७ हा पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा लिहिला की १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे, हे पक्के होते.

सगळ्या रिक्वायरमेंट एकाच डायग्रामवर कोंबू नका. त्यासाठी टेबल आहे.

आणि सॅटिस्फाय म्हणजे पुरावा नव्हे, तो फक्त डिझाइनरचा दावा. पुराव्यासाठी टेस्ट केसकडून व्हेरिफाय बाण लागतो. कोथरूडला एआरएआय या वाहन चाचणी संस्थेत गाडी नेण्याआधी कोणत्या रिक्वायरमेंटला कोणते बाण आहेत ते दाखवणारा तक्ता, म्हणजे मॅट्रिक्स, काढा आणि सॅटिस्फाय आहे पण व्हेरिफाय नाही, अशा ओळी वेगळ्या काढून बघा. सुरक्षेच्या ओळी त्यात निघाल्या तर टेस्ट केस लिहून होईपर्यंत गाडी हलवू नका.