कथा साभार परत आली? मग हे करा

दिवाळी अंकाला पाठवलेली कथा परत आली की एक-दोन दिवस वाईट वाटू द्या, वाटणारच. मग ती मोठ्याने वाचा, जीभ अडखळते तिथे पेन्सिलने खूण करा. नकाराचं कारण बरेचदा कळवत नाहीत, कधी पानंच भरलेली असतात, त्यामुळे एका नकारावर कथा फाडू नका, पण सगळीकडूनच परत येत असेल तर पहिलं पान नीट बघा.

आता कथा वाचायला तीन-चार लिहिणारे मित्र हवेत. पुण्यात मिळतात हो, टिळक रोडला महाराष्ट्र साहित्य परिषद आहे, १९०६ पासूनची संस्था, तिथल्या कार्यक्रमांना जात राहिलं की ओळखी होतात. घरच्यांना नका देऊ, ते "छान आहे" म्हणतात आणि विषय संपतो. मित्रांना "आवडली का" विचारूच नका, कुठे कंटाळा आला, शेवट आधीच कळला का, हे विचारा. ते बोलताना तुम्ही गप्प बसायचं, खुलासा नाही, हे खूप जड जातं पण छापून आल्यावर वाचकाशेजारी तुम्ही थोडीच असणार! दोघांनी एकाच परिच्छेदावर बोट ठेवलं तर तिथे गडबड आहेच, उपाय मात्र तुमचा तुम्ही शोधा. आणि त्यांच्या कथाही तितक्याच मन लावून वाचा, आपले दोष तिथे पटकन दिसतात.